पदरावरून हेडफोन

आमच्या घरात आवाजाच्या बाबतीत कोणाचं कोणाशी कधी जमलंच नाही. आमच्या ह्यांना रेडिओ इतका हळू लागतो, की पाहणाऱ्याला वाटावं हा माणूस बंद डब्यापुढं मान घालून काय बसलाय. मला भजनात झांज खणखणीत लागते, मृदंग मागं राहिला तरी चालतो. आणि आमचा मुलगा, त्याला छातीत बसणारा आवाज लागतो. गाणं कोणतं का असेना, धमक पाहिजे.

"माय, गाणं कानानं नाही ऐकत. बरगडीनं ऐकतात," असं तो मला सांगायचा.

मी म्हणायची, "मंग कान काऊन देले देवानं? आणखी दोन बरगड्याच द्याच्या होत्या."

हा मुलगा डीजे वाजवतो. म्हणजे लग्नात, हळदीला, वरातीत मोठाले स्पीकर लावून गाणी लावायचं काम. धंदा सुरू केला तेव्हा आमच्याकडं बीटी कापसाची चांगली वर्षं चालू होती. बोंडांनी झाडं वाकायची, फवारणीचा वास निम्मा कमी झाला होता, आणि ज्याच्या घरी कापूस चांगला त्याच्या घरचं लग्नही दणक्यात. मग ती गुलाबी अळी आली. बोंड वरून हिरवंगार, हातात घेतलं तर वजनदार, आणि फोडलं की आत सगळं किडून काळं. पुढच्या वेचणीची वाट न पाहता लोकांनी पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची उभी झाडंच, उपटून बांधावर रचल्या. आम्हीही रचल्या. तेव्हापासून आमचं घर डीजेवर टेकलं. एक गंमत सांगते, त्या वाईट वर्षांत लोकांनी लग्नात एक भाजी कमी केली, गोडाचा एक पदार्थ कमी केला, पण डीजे कोणी कमी केला नाही. उलट ज्याचा आवाज मोठा त्यालाच बोलावणं.

आता हेडफोन कशाला लागतो ते मलाही आधी माहीत नव्हतं. मला वाटायचं, बाहेर एवढा गोंगाट असताना हा आणखी कानात काय घालून बसतो. मग त्यानं समजावलं. लोकांना एक गाणं ऐकू येत असतं, तेव्हा पुढचं गाणं त्याला एकट्याला ऐकून तयार ठेवावं लागतं. दोन्हींचा ठेका जुळला की हळूच एकातून दुसऱ्यात जायचं, नाचणाऱ्याचा पाय थांबता कामा नये. एका चुलीवर भाजी रटरटत असताना दुसऱ्या चुलीवरच्या भाताचं शीत चेपून पाहावं, तसं ते काम आहे. म्हणून तो डावा कान हेडफोनला देतो आणि उजवा मांडवाला.

त्याचा जुना हेडफोन मी पाहिला होता. कानावरच्या गाद्यांचं कातडं सोलून पडलेलं, आतला स्पंज बाहेर आलेला, एका बाजूला वायरवाल्यांची काळी चिकटपट्टी. बाहेरचा आवाज सगळा आत यायचा. मग हा आतला आवाज पार शेवटापर्यंत फिरवायचा आणि ते तुटकं बोळकं खांद्यानं कानाशी दाबून धरायचा. एका वरातीत त्याचा मधला पट्टाच मोडला, तेव्हा कुठं साहेब नवीन घ्यायला निघाले. मला चिखलीत डोळ्यांचे थेंब घ्यायचे होते, म्हणून मीही गेले.

चिखलीला एक भाई आहेत, स्पीकर, अँप्लिफायर असलं सगळं विकतात आणि दुरुस्तही करतात. त्यांच्या घरात पूर्वी बँड होता, वडील क्लॅरिनेट वाजवायचे. त्यामुळं भाईंना आवाज कसा हवा, तर साफ. धमक म्हटलं की ते तोंड वाकडं करतात. त्यांनी दोन हेडफोन काढून काचेवर ठेवले. एक जाडजूड, काळा, गुबगुबीत गाद्यांचा. दुसरा सडपातळ, करड्या रंगाचा, स्टुडिओत गाणी भरतात तिथं वापरतात तसा.

मुलानं काळा कानाला लावला आणि त्याची मान आपोआप हलायला लागली. "भाई, हाच. काय बेस हाय राजेहो!"

"बेस, बेस, बेस," भाई म्हणाले. "अरे बाबा, बेस म्हंजे आवाज नाही, बेस म्हंजे आवाजाची भिंत. भिंतीच्या मागं गानेवाला उभा हाय, त्यालेबी जरा दिसू दे. हा दुसरा लाव. एकदम साफ. जे हाय तेच सांगते, पदरचं काही नाही घालत."

मुलानं दुसरा लावला, क्षणभर ऐकला आणि काढला. "हे तर बिनमिठाचं वरण झालं."

"मावशी, तुमच्या लेकाले मीठ नाही, मिरची लागते," भाई मला म्हणाले. दोघं हमरीतुमरीवर यायच्या आधी त्यांनीच तोड काढली. दोन्ही घरी न्या, चार बाजार होईपर्यंत ऐका, एक ठेवा, एक परत आणा. एवढ्या महागाच्या वस्तू माणसाच्या हातात नुसत्या विश्वासावर द्यायच्या, हे मला तेव्हाही मोठं वाटलं आणि आजही वाटतं.

घरी आल्यावर चहा झाला आणि मुलानं माझ्या सुनेला बोलावलं. सून लोणारकडची. बारावी शिकलेली, कमी बोलणारी, पण भुलाबाईच्या दिवसांत गल्लीतल्या पोरींना गाणी शिकवायची ती हीच. सूर कोणाचा घसरला तर तिच्या कपाळावर आठी यायची, तोंडानं काही म्हणायची नाही. ओसरीवर सासरे बसलेले, म्हणून तिच्या डोक्यावर पदर. तिनं पदरावरूनच हेडफोन चढवला. एक ऐकला, दुसरा ऐकला.

"काय?" मुलानं विचारलं.

"काळ्यात ढम काही येत नाही. अन् ह्या दुसऱ्यात नुसती चिरचिर हाय."

"काळ्यात ढम येत नाही?" तो हसायलाच लागला. "अवं, बाई, त्याच्यात ढमच ढम हाय! माय, पाह्य हिचं. कणकेचा गोळा कानात घालून ऐकून राह्यली."

तिचा चेहरा उतरला. मला काही ते बरं वाटलं नाही, म्हणून म्हटलं, आण इकडं, मी पाहते. मीही पदरावरूनच चढवला. आता ही आमची सवय, डोक्यावर पदर आहे हे आम्हाला वेगळं आठवतही नाही, केसांसारखाच तो. मला दोन्हीत काही फरक कळेना. दुरून कुठं तरी पिठाची गिरणी चालू आहे असं वाटलं. मी वाकून पाण्याचा तांब्या उचलायला गेले, तसा माझा पदर एका बाजूनं घसरला आणि त्या बाजूची गादी नेमकी उघड्या कानावर बसली. अहो, काय सांगू! गिरणीतून एकदम माणूस बाहेर आला. गाणारा माझ्या कानाशी येऊन बसला. दुसऱ्या कानात अजून गिरणीच.

मी पदर पुन्हा ओढून पाहिला, पुन्हा सोडून पाहिला. मग मला हसूच आलं. आम्ही दोघी सासू-सुना जाडजूड सुती पदरातून आवाज पारखत होतो आणि वर निकालही देत होतो.

मी सुनेला म्हटलं, "बाई, पदर खाली घे अन् पुन्हा ऐक."

तिनं ओसरीकडं पाहिलं. मीही पाहिलं. ह्यांच्यासमोर ती लग्न होऊन आल्यापासून उघड्या डोक्यानं कधी आली नव्हती. मी आता काय म्हणावं हा विचार करते तोवर आमचे हे उठले, खुंटीवरचं उपरणं घेतलं. "मी वावरात चक्कर मारून येतो," म्हणाले. वावरात तेव्हा उपटलेल्या पऱ्हाट्यांशिवाय काही नव्हतं. पण गेले. दारातून मागं न वळता एवढंच बोलले, "सावकाश ऐका. मले घाई नाही." माणसं किती कमी शब्दांत किती मोठी जागा करून देतात.

सुनेनं पदर खांद्यावर घेतला, केस कानामागं सारले, करडा हेडफोन लावला आणि डोळे मिटले. मुलानं नेहमीचं, वरातीत हमखास वाजवतो ते गाणं लावलं. गाणं निम्म्यावर आलं. मग हळूच म्हणाली, "मागं झांज हाय. डाव्या बाजूले. बारीक वाजते, पलीकडच्या आळीत कोणी वाजवल्यासारखी."

"ह्या गाण्यात झांज नाही," मुलगा म्हणाला. "किती लग्नाईत वाजवलं मी हे. झांज असती तर मले माहीत नसती का?"

"हाय पण."

त्यानं घेऊन ऐकलं. "नाही."

मग मी घेतला, या वेळी पदर खाली करून. आणि झांज तर माझ्या जिव्हाळ्याची! होती की. डाव्या कानात, अगदी नाजूक, चांदीचं भांडं धुताना वाजावं तशी. मी म्हटलं, "हाय रे."

"तुम्ही सासू-सुना एक झाल्या आज," तो म्हणाला. "पहिल्यांदाच झाल्या म्हना, पन झाल्या."

तो हसत होता, पण सून हसली नाही. ती त्याच्याकडं बघत होती, गाण्याकडं नाही. तिनं पुढं होऊन त्याच्या डोक्यावर हेडफोन ठेवला, पण उलटा, डावा उजव्या कानावर आणि उजवा डाव्यावर. गाणं पुन्हा लावलं.

त्याचं हसू थांबलं. "आता आली," तो म्हणाला. "झांज आली."

तिनं पुन्हा फिरवला.

"गेली."

तिनं काळा हेडफोन घेऊन तसंच केलं. तेच झालं. उजव्या कानाला झांज येत होती, डाव्याला येत नव्हती. तोवर मला कळलं होतं आणि त्यालाही कळलं होतं. हेडफोन दोन्ही चांगले होते. आमच्या आवडीनिवडीचं भांडण नव्हतंच ते. त्याचा डावा कान बारीक आवाज ऐकत नव्हता.

"मळ असंल," तो म्हणाला. मीही लगेच म्हटलं, मळच असेल, कोमट तेल घालू. आईला असंच म्हणावंसं वाटतं. पण सून म्हणाली, "उद्या बुलढाण्याले जाऊ. डॉक्टरले दाखवू." तिनं विचारलं नाही, सांगितलं. लग्न होऊन आल्यापासून तिनं या घरात पहिल्यांदा काही सांगितलं असेल, आणि तेही इतक्या हळू आवाजात, की ह्यांचा रेडिओ बरा.

सकाळच्या एसटीनं आम्ही तिघं बुलढाण्याला गेलो. डॉक्टरांनी त्याला एका बंद खोलीत बसवून मशीननं तपासलं. मग कागदावरची उतरती रेघ दाखवली. डाव्या कानातले बारीक आवाज बरेच गेले होते, ते परत येणार नव्हते. इतकी वर्षं एकच कान त्या तुटक्या हेडफोनला देऊन, बाहेरच्या आवाजावर मात करायला आतला आवाज पूर्ण सोडून काम केलं, त्याचं हे फळ. उरलेलं राखायचं तर मोठ्या आवाजापासून लांब राहायचं. नाही राहिला तर उरलेलंही जाईल आणि मग उजव्याचा नंबर.

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, कानात कापूस घालत जाईल नं. कापूस घरचाच हाय."

डॉक्टर बिचारे हसले. "काकू, कापसानं वारा अडतो. आवाज नाही अडत." त्यांनी स्पंजाचे बोळे लिहून दिले. म्हणजे कापूस आमच्या याही कामाचा नव्हता.

परतीच्या एसटीत मुलगा खिडकीबाहेर बघत बसला. मोकळी वावरं मागं जात होती. मग बोलला, "अमडापूरची हळद घेतली हाय मी. ते काम सोडू का? अन् ते सोडलं तर मंग बाकीचेबी सोडू? माय, शेतीत काय उरलं? माझ्याजवळ दुसरं हाय काय?"

उत्तर सुनेकडं होतं. ती पुढच्या बाकाचा दांडा धरून बसली होती, तशीच म्हणाली, "मले शिकवा."

"काय?"

"ते बटनाचं. गाणं गाण्याले जोडाचं. तुम्ही गाडी लावा, वायरी जोडा, लोकाईशी बोला. कानाचं काम मी करतो."

"अवं, मांडवात बाईमाणूस डीजेवर बसलं तर लोकं काय म्हनतीन?"

"हळदीच्या मांडवात बायाच असतात," ती म्हणाली. "तिथूनच सुरू करू."

मी तिच्याकडं बघतच राहिले. झांज नवऱ्याला ऐकू आली नाही तेव्हापासून ही पोर सारखा हाच विचार करत असणार, आणि आम्ही तेल कोमट करत होतो.

शिकवणी आमच्या कापसाच्या खोलीत झाली. भाव येईल म्हणून थोडा कापूस ठेवला होता, भिंतीला लावून ढीग. त्या खोलीत आवाज घुमत नाही, बोललेला शब्द तिथंच मऊ पडतो. मुलगा म्हणाला, "स्टुडिओ असाच असते म्हणे, भिंतींवर गाद्या लावलेला." मग काय, आमचा स्टुडिओ तयार. तो यंत्रापुढं तिला बसवायचा, आवाज अगदी बारीक ठेवून दाखवायचा. आधी आधी चिडायचा. "आता! अवं आत्ता सोडाचं होतं! गेली वेळ!" ती पुन्हा करायची. हळूहळू त्याचं ओरडणं कमी झालं. एके दिवशी मी पोह्यांच्या बश्या घेऊन गेले तर हा दारातच उभा. मला खुणेनं थांबवलं. आत तिनं एका गाण्यातून दुसऱ्यात असं नेलं, की मला ओलांडलेला उंबरा कळलाच नाही. त्यानं माझ्याकडं पाहून फक्त भुवया उंच केल्या. आपल्याला ज्या कामाचा अभिमान, ते काम दुसऱ्याच्या हाती आपल्याहून चांगलं होताना बघायला छाती लागते. माझ्या मुलाची ती छाती मी त्या दारात पाहिली.

चौथ्या बाजारच्या दिवशी आम्ही हेडफोन घेऊन भाईंकडं गेलो.

"बोलो, कोनता ठेवला?" भाईंनी विचारलं.

मुलगा म्हणाला, "तिले विचारा. तिच्या कानाले बसंल तो."

भाईंनी तिच्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. त्यानं दोन वाक्यांत सगळं सांगून टाकलं, कानाचंही. भाईंनी "या अल्लाह" म्हणून स्वतःच्या कानाला हात लावला, आणि मग तिच्यासाठी स्टूल पुसून दिलं.

मला खात्री होती ती करडा घेणार. तिला आवडलेला तोच, साफ आवाजाचा. भाई तर त्याची पेटीही काढायला लागले. पण ती म्हणाली, "भाई, तुमचा मोठा स्पीकर लावा. लग्नात असते तेवढा."

भाईंनी लावला. दुकानातल्या काचा थरथरायला लागल्या. मुलाला तिनं हातानंच बाहेर पाठवलं. मग त्या दणदणाटात तिनं एक हेडफोन लावून पाहिला, मग दुसरा. आवाजाचं बटण दोन्ही वेळा खाली ठेवून. भाईंनी स्पीकर बंद केल्यावर तिनं काळा उचलला.

"हा?" भाईंचं तोंड पडलं. "बेटी, तुह्या कानाले हा आवडला?"

"आवडला तो करडाच. घरी बसून ऐकाले त्याच्यासारखा नाही. पण त्याच्यात बाहेरचं आत येते. मंग मलेबी आवाज वाढवा लागंल. ह्याच्या गाद्या कान झाकतात. बटन खालीच ठेवून काम होते."

बाहेरून मुलगा आत आला होता. बऱ्याच दिवसांनी तो मोकळा हसला. "म्हंजे शेवटी माझीच पसंत!"

"पसंत तुमची," ती म्हणाली, "कारण माझं."

भाईंनी दोन्ही हात वर केले. "क्लॅरिनेटवाल्याच्या पोराले हे ऐकाचं होतं," म्हणाले, "पन बात बराबर हाय."

अमडापूरची हळद दुपारी कलती उन्हं असताना सुरू झाली. मांडवात बायाच बाया, पाट मांडलेला, नवरीच्या अंगाला हळद लागत होती. एका कोपऱ्यात टेबलावर यंत्र आणि त्याच्यामागं आमची सून. पदर खांद्यावर, कमरेला खोचलेला, डोक्यावर काळा हेडफोन. मुलगा मांडवाबाहेर टेम्पोपाशी, कानात स्पंजाचे बोळे घालून.

नवरीची एक आत्या माझ्या शेजारी येऊन बसली. "काय व, तुह्या सुनेचा पदर कुठी गेला?"

"खांद्यावर हाय," मी म्हटलं. "डोक्यावर हेडफोन हाय. दोन्हीचं एका जागी जमत नाही, मी सोता घालून पाह्यलं."

"अन् सासऱ्याईले चालते?"

"त्याईनंच गाडीत बसवून देलं."

तिनं तोंडाला पदर लावला. शेजारणीला काहीतरी सांगितलं, दोघी खुदखुदल्या. हसू दे. कारण तेवढ्यात पाटाजवळच्या म्हाताऱ्या बायांनी आपलं हळदीचं गाणं धरलं. यंत्रावर माझा मुलगा असता तर त्याला ते ऐकूच आलं नसतं, त्यानं त्यावर बँडबाजाचं गाणं सोडलं असतं, दरवेळी हेच होतं. सुनेनं एक कान मोकळा केला, ऐकलं, आणि आपलं गाणं हळूहळू इतकं खाली आणलं की नुसता ठेका उरला. तोही बायांच्या गाण्याचा. म्हाताऱ्यांना आधी कळलंच नाही आपल्यामागं ढोलकी कोण वाजवतंय. मग कळलं. एकीनं वळून पाहिलं आणि गळा दुपटीनं मोकळा सोडला. गाणं संपल्यावर सुनेनं तोच ठेका हातात धरून पुढचं नाचायचं गाणं वर आणलं, तर पहिली उठली ती पदराची चौकशी करणारी आत्या.

थोड्या वेळानं नवरीचे चुलतभाऊ मांडवाच्या दाराशी जमले. त्यांना वाटलं, हा कसला डीजे, पत्रे हलत नाहीत. ते टेम्पोपाशी माझ्या मुलाकडं गेले. मी पाणी प्यायला तिकडंच उभी होते.

"भौ, आवाज वाढव नं बे! शेजारच्या गावाले कळालं पाहिजे लग्न हाय म्हणून!"

कानातला बोळा काढून त्यानं त्यांना पुन्हा सांगायला लावलं. एरवी असं कोणी म्हटलं की माझ्या पोराचा हात आपोआप बटणावर जायचा.

"मले नोको सांगू," तो म्हणाला. "आवाजाची मालकीण तिकडं बसली. तिले विचार."

पोरं एकमेकांना ढोसत मांडवाच्या दारापर्यंत गेली. त्यातल्या एकानं धीर करून हाक मारली, "वहिनी, आवाज वाढवा!" सुनेनं एका कानावरची गादी बाजूला केली, त्याचं म्हणणं नीट ऐकून घेतलं, मान हलवली, आणि बटण होतं तिथंच ठेवून पुढच्या गाण्याकडं वळली. टेम्पोपाशी माझ्या मुलानं बोळा परत कानात घातला.